लोकपरंपरा आणि मनाचे आरोग्य : खानदेशातील समुपदेशनाची दिशा

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मधून वाहणारी तापी, असा हा खानदेश. केळी आणि कापूस यांसाठी तो जसा प्रसिद्ध आहे, तसाच बोलींच्या आणि देवदेवतांच्या विविधतेसाठीही. जळगाव जिल्ह्यात लेवा गणबोली आणि तावडी, धुळे जिल्ह्यात अहिराणी, सातपुड्याच्या पट्ट्यात भिली आणि पावरी, साक्रीच्या पश्चिम भागात कोकणी, अशा अनेक बोली येथे नांदतात. प्रत्येक बोलीबरोबर सुखदुःख सांगण्याची एक रीतही आली आहे.

घरातील एखाद्याची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, बाळंतिणीला बाळ नकोसे झाले, किंवा कर्त्या पुरुषाला दारूने घेरले, तर घरची मंडळी प्रथम कोठे जातात? पुष्कळदा गावच्या भगताकडे, पावरांच्या पाड्यावर बुडव्याकडे, एखाद्या देवस्थानी किंवा दर्ग्यावर. सरकारी दवाखान्याचा विचार त्यानंतर होतो, आणि मनोविकारतज्ज्ञाचा तर सर्वांत शेवटी. याला केवळ अज्ञान कारणीभूत आहे असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. भगत त्याच गावचा असतो, त्याच बोलीत बोलतो, सबंध घराला समोर बसवून सवडीने ऐकतो आणि दुःखाला एक नाव देतो. दवाखान्यातील गर्दीत या चार गोष्टी मिळतातच असे नाही. मानसिक आरोग्याची सेवा गावापर्यंत न्यावयाची असेल, तर या चार गोष्टी तिला आत्मसात कराव्या लागतील. मात्र असे करताना निदान, औषध आणि कायदा यांबाबत कसलीही तडजोड चालणार नाही. या दोन बाजूंचा मेळ कसा घालावा, याचा विचार येथे केला आहे.

गरज किती मोठी आहे?

बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने 2015-16 मध्ये देशातील 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे 10.6 टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाल्यानंतरची ही स्थिती आहे.

हे अंतर केवळ डॉक्टरांची संख्या वाढवून भरून निघणार नाही. त्यासाठी समुपदेशन हवे. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. अडचणीत सापडलेल्या माणसाचे म्हणणे विश्वासाने ऐकून घेणे, त्याच्या विचारांची गुंतागुंत त्याच्याच शब्दांत उलगडणे आणि पुढचे पाऊल त्याचे त्यालाच ठरवू देणे, ही त्याची रीत आहे. असे काम योग्य प्रशिक्षण मिळालेली, परंतु डॉक्टर नसलेली गावातील व्यक्तीही करू शकते, हे आपल्या शेजारच्या गोव्यात सिद्ध झाले आहे. तेथील संगत या संस्थेने अपायकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी अशा समुपदेशकांमार्फत मोजक्या बैठकींचा कार्यक्रम राबविला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुष अपायकारक मद्यपानाच्या बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते.

खानदेशाचा स्वतःचा दाखला

समुपदेशन हा शब्द रूढ होण्यापूर्वीच खानदेशाने त्याचा एक मोठा प्रयोग पाहिला आहे. 1930 नंतरच्या दशकात, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील तळोदे तालुक्यात, मोरवड येथील गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांना दारू सोडण्याचे, स्वच्छ राहण्याचे आणि एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणण्याचे आवाहन केले. आरतीसाठी आदिवासी स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने जमू लागले. 1938 मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे नेले. (पुढे हा भाग धुळे जिल्ह्यात होता, 1 जुलै 1998 पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे.) पुढे 1970 नंतर शहादे परिसरात अंबरसिंग महाराज यांनी भजनी मंडळाच्या मार्गाने सुरू केलेले काम आदिवासींच्या हक्कांच्या लढ्याशी जोडले गेले, आणि त्याच सुमारास तेथील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूबंदीचा आग्रह धरला.

आजच्या समुपदेशकाने या चळवळीकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहावे. दारू सोडण्याचा निश्चय येथे एकट्याने केलेला नव्हता, तो सर्वांच्या साक्षीने केलेला होता. पिण्याची संगत सुटल्यावर जी पोकळी निर्माण होते, ती आरतीच्या मेळाव्याने भरून काढली. माणसे ठराविक काळाने पुन्हा पुन्हा भेटत राहिली, त्यामुळे डळमळणाऱ्याला आधार मिळाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सावकार आणि जमीनदार ज्याला अरेतुरे करीत, त्याला ‘आप’ या एका शब्दाने प्रतिष्ठा दिली. योगायोगाने त्याच दशकात, 1935 मध्ये, अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही व्यसनमुक्तांची संघटना उदयास आली. तिचा गाभाही हाच आहे : समूह, निश्चय, नियमित बैठक आणि स्वतःहून मोठ्या शक्तीवरील श्रद्धा.

येथे एक पेच आहे, तोही समजून घेतला पाहिजे. सातपुड्यातील पूजाविधीत मोहाच्या दारूची धार देवाला देण्याची प्रथा आहे. समुपदेशकाने या विधीची थट्टा केली, तर पुढचा सर्व संवाद तेथेच संपतो. देवाची धार देवाला असू द्यावी, परंतु त्या निमित्ताने माणसाने किती प्यावे आणि प्यावे की नाही, याचा निर्णय जुन्याजाणत्या मंडळींनी आणि घरातील स्त्रियांनी मिळून करावा, अशी चर्चा मात्र घडवून आणता येते.

गाणे, सण आणि भाऊबंद

दुःख बोलून दाखविणे हा मनाच्या उपचाराचा पहिला भाग होय. खानदेशातील स्त्रीने हे काम पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर केले. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना तिशीतच वैधव्य आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीने दळताना, कांडताना आणि शेतात राबताना स्वतःचे दुःख आणि त्यातून मिळालेले शहाणपण गाण्यांत गुंफले. त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आता घरोघरी पिठाची गिरणी पोहोचली आहे आणि जाते मागे पडले आहे. त्याबरोबर, जे सासरी कोणापुढे बोलता येत नसे ते बोलण्याची हक्काची जागाही हरपली आहे. महिला बचतगटाच्या बैठकीत पैशांचा हिशेब झाल्यावर अर्धा तास ओव्यांसाठी आणि मनमोकळ्या बोलण्यासाठी राखून ठेवला, तर ही जागा पुन्हा निर्माण करता येईल. ज्या स्त्रीला सरळ प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ती ओवीच्या आडून बरेच काही सांगून जाते, आणि जाणकार आशा कार्यकर्तीला त्यातून मदतीची गरज ओळखता येते.

सणांचेही तसेच आहे. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. विवाहित मुलीचे खरे हालहवाल माहेरच्यांना याच दिवसांत कळतात. आरोग्य कर्मचाऱ्यांनी या आठवड्यात गावभेटी वाढविल्या, तर सासरी त्रासात असलेल्या तरुण स्त्रियांपर्यंत पोहोचण्याची ती उत्तम संधी ठरेल. श्रावणात कानबाईचा उत्सव येतो. रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी तिला निरोप दिला जातो. पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, मुंबईकडे गेलेले भाऊबंद या वेळी गावी परततात आणि रोटाचा प्रसाद एकत्र बसून घेतात. शेतीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे एका छताखाली येण्याचा हा प्रसंग असतो. दुरावलेल्या कुटुंबात समेट घडविणाऱ्या समुपदेशकाने पहिल्या बैठकीसाठी कचेरीतील टेबलापेक्षा असा प्रसंग निवडावा.

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात कोकणा आणि भिल्ल समाजात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. व्रत घेतलेले लोक काही दिवस खाण्यापिण्याचे आणि आचाराचे कडक नियम पाळतात, पावरीच्या सुरावर एकत्र नाचतात. समूहाबरोबर नियम पाळण्याची ही शिस्त पुढेही टिकविता आली, तर व्यसनमुक्तीला तिचे मोठे साह्य होईल.

अंगात येणे : आजार की आचार?

देवीच्या जागरात एखाद्या स्त्रीच्या अंगात येते. तिला मनोरुग्ण म्हणावे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिने यासंबंधी स्पष्ट भेद केला आहे. जी अवस्था समाजाच्या मान्य धार्मिक आचाराचा भाग आहे, तिला आजार म्हणावयाचे नाही. मात्र जी अवस्था इच्छेविरुद्ध, वारंवार येते, आचाराच्या चौकटीबाहेर येते आणि जिच्यामुळे त्या व्यक्तीला क्लेश होतो किंवा तिचे रोजचे व्यवहार बिघडतात, तिची तपासणी केली पाहिजे.

हा भेद ओळखण्यासाठी ऐकावे लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये रुग्णाची सांस्कृतिक पार्श्वभूमी जाणून घेण्यासाठी 16 प्रश्नांची मुलाखत तयार केली. तिचा आशय खानदेशी घराला मुळीच परका नाही. तुम्ही या त्रासाला काय म्हणता? तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते आणि गावाला काय वाटते? आतापर्यंत कोठे कोठे दाखविले? कशाने बरे वाटले? आता कोणाची मदत हवी आहे? हेच प्रश्न ‘तुले काय व्हई राह्यनं?’ असे अहिराणीतून आपुलकीने सुरू केले, तर उत्तरे मोकळेपणाने मिळतात. ‘बाहेरचं आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला लगेच खोडून काढण्याची घाई करू नये. ‘तुम्ही देवाचे करता ते करा, झोप लागण्यासाठी आणि भीती कमी होण्यासाठी डॉक्टरांचेही घ्या,’ असे म्हटल्यास दोन्ही वाटा खुल्या राहतात.

व्रत आणि औषध यांची सांगड

खानदेशात दारू सोडण्यासाठी माळ घालणारे अनेक आहेत. तुळशीची माळ गळ्यात पडली की भजनी मंडळाची संगत मिळते आणि सबंध गाव त्या निश्चयाचा साक्षीदार होतो. हा मार्ग निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू पूर्ण बंद केली, तर शरीरावर त्याची तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. पहिल्या दिवसात हातापायांना कंप सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होणे, नसलेली माणसे दिसणे, ताप आणि घाम येणे अशी प्राणघातक अवस्थाही ओढवू शकते. घरच्यांना हा भुताचा फेरा वाटतो आणि रुग्णाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेले जाते. जीव जातो तो येथे. म्हणून नियम असा हवा, की माळ घालण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे आणि पहिला आठवडा त्यांच्या देखरेखीखाली काढावा. योग्य औषधे आणि ब-1 जीवनसत्त्व यांच्या साह्याने हा काळ सुखरूप पार पडतो. माळ त्यानंतर आयुष्यभर साथ देते.

उपवासाच्या बाबतीतही अशीच काळजी आवश्यक आहे. काही मानसिक विकारांत लिथियम हे औषध दिले जाते. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. नवरात्राचे कडक उपवास करणाऱ्या भाविकांनी, तसेच रावेर, यावल, चोपडे या भागांतील तडवी बांधवांपैकी रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनी, असे औषध चालू असल्यास महिनाभर अगोदर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणाला औषधाची वेळ बदलून देता येते, कोणाला उपवास न करण्याचाच सल्ला द्यावा लागतो. फेफरे किंवा तीव्र मानसिक विकार असलेल्या रुग्णाने व्रतासाठी औषध मनाने बंद करणे सर्वथा धोक्याचे आहे. हाच निरोप महाराजांनी, मौलवींनी किंवा भगतांनी दिला, तर तो अधिक मानला जातो. म्हणून तो त्यांच्यापर्यंत आधी पोहोचला पाहिजे.

देवस्थानाची दोन रूपे

श्रद्धास्थानातून आधार मिळतो, तसा अपायही होतो. तामिळनाडूतील दोन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. तेथील मुथुस्वामी मंदिरात राहून बरे वाटण्याची आशा धरणाऱ्या 31 रुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामानंतर त्यांच्या लक्षणांत सुमारे 20 टक्के घट आढळली. तेथे कोणताही खास उपचारविधी नव्हता. रुग्ण घरच्या माणसासह राहत, देवळाच्या आवारातील लहानसहान कामे करीत, आणि त्यांना कोणी हिणवीत नसे. त्याच राज्यातील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांना प्राण गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी श्रद्धा होती. एका ठिकाणी माणसाला मोकळे ठेवले होते, दुसऱ्या ठिकाणी बांधून ठेवले होते.

श्रद्धास्थान आणि दवाखाना यांना जोडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. खानदेशाच्या शेजारच्या गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा-दुआ’ या उपक्रमात मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. दुआ मुजावरांनी करावी आणि दवा डॉक्टरांनी द्यावी, अशी ही विभागणी आहे. नायजेरियातील आरो येथे डॉ. थॉमस लॅम्बो यांनी 1954 पासून रुग्णांना नातेवाइकांसह आसपासच्या खेड्यांत ठेवून, पारंपरिक वैदूंचे सहकार्य घेऊन उपचार केले. न्यूझीलंडमधील माओरी समाजाचे डॉ. मेसन ड्युरी यांनी 1984 च्या सुमारास आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली : शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा. एक भिंत खचली तरी घर डळमळते. सातपुड्यातील पाड्यावरचा वृद्धही हेच आपल्या शब्दांत सांगेल.

कायद्याची मर्यादारेषा

परंपरेचा आदर याचा अर्थ प्रत्येक रूढीला मान्यता असा नव्हे. सातपुड्यात एखाद्या विधवेला किंवा एकट्या स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याचे, प्रसंगी तिचा जीव घेण्याचे प्रकार घडलेले आहेत. पुष्कळदा त्यामागे गावातील आजारपण, मृत्यू किंवा जमिनीचा लोभ असतो. जो भगत असे नाव घेतो, त्याच्याशी सहकार्य होऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, चटके देणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडादोरा करणे हे गुन्हे आहेत. त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. 2018 पासून अमलात असलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. समाजाच्या पंचांनी समजूत घालणे उपयुक्त असते; परंतु त्यांनी कोणाला वाळीत टाकणे हा 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. समुपदेशनात कळलेली खाजगी गोष्ट पंचांपुढे किंवा घरच्यांपुढे रुग्णाच्या संमतीवाचून उघड करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

गावाने काय करावे?

या कामासाठी मोठ्या इमारतीची आवश्यकता नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या क्षेत्रातील भगत, बुडवे, भजनी मंडळाचे प्रमुख, मौलवी आणि सुईणी यांची यादी करून वर्षातून दोनदा त्यांच्याशी संवाद साधावा. मरणाची भाषा बोलणे, सलग अनेक रात्री झोप नसणे, अन्नपाणी सोडणे, झटके येणे, कानात नसलेले आवाज ऐकू येणे, बाळंतिणीचे वागणे एकाएकी बदलणे, आणि दारू सोडल्यावर भ्रम होणे, ही सात लक्षणे त्यांना तोंडपाठ असावीत. यांपैकी एकही दिसल्यास विधी नंतर, दवाखाना आधी, असे ठरवून घ्यावे. जो भगत रुग्णाला वेळेवर पाठवील, त्याचा ग्रामसभेत सन्मान करावा. त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते, हे त्याला दिसले पाहिजे.

धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांना तज्ज्ञांकडे दाखविता येते. प्रवास शक्य नसेल, तर केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि भजनी मंडळाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

खानदेशच्या माणसाने दुःखात देवाचे नाव घेऊ नये, असे कोणीही म्हणणार नाही. त्याने ते अवश्य घ्यावे, गाणे म्हणावे, भाऊबंदांना हाक मारावी. मात्र त्याच वेळी त्याच्या घरातील आजारी माणूस साखळीविना, मारहाणीविना आणि औषधासह सुरक्षित असावा, ही जबाबदारी आरोग्य यंत्रणेची जेवढी आहे, तेवढीच गावाची आहे. भगत, आशा कार्यकर्ती आणि डॉक्टर हे तिघे एकमेकांना ओळखू लागले, तर ती पार पाडणे अवघड नाही.